बाळाचे दात, पालकांचा हात

'दुधाचेच दात ते, पडायचेच आहेत. त्यांची एवढी काळजी कशाला?' हे वाक्य मराठी घरांत आजही सर्रास ऐकू येते. पडलेला पहिला दात छपरावर भिरकावण्याचा सोहळा मोठ्या कौतुकाने होतो. पण तो पडेपर्यंतच्या सहा वर्षांत त्याची निगा कोणी राखायची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. हा विकार बव्हंशी टाळता येण्याजोगा आहे आणि तो टाळण्याचे काम सर्वप्रथम आई-वडिलांच्या हातात असते.

दुधाच्या दातांचे मोल

बाळाचा पहिला दात साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही दात पूर्ण होतात. या दातांवरील एनॅमलचे कवच कायमच्या दातांच्या मानाने पातळ असते. त्यामुळे किडीला आत शिरण्यास वेळ लागत नाही. पांढुरक्या डागापासून सुरू झालेली कीड काही महिन्यांतच नसेपर्यंत पोहोचू शकते. मग मूल एकाच बाजूने चावते, जेवण टाळते, रात्री रडत उठते. दात दुखतो हे त्याला सांगता येत नाही आणि मोठ्यांना तो केवळ हट्ट वाटतो.

दुधाच्या काही दाढा व सुळे दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातांसाठी ते जागा राखून ठेवतात. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि नवा दात वेडावाकडा येतो.

याहून मोठी गफलत सहाव्या वर्षी होते. या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे पालकांच्या सहसा लक्षातही येत नाही. ती दुधाचीच समजून दुर्लक्षित राहते. तिच्या पृष्ठभागावरील खोल खाचांत अन्न अडकते आणि आयुष्यभर पुरायची ती दाढ शाळकरी वयातच किडते.

रात्रीचे घासणे महत्त्वाचे

तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच झिजते. यांतील 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स' हा प्रमुख जिवाणू बाळाच्या तोंडात बहुधा आईच्या किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या लाळेतून येतो. एकाच चमच्याने चव पाहून बाळाला भरवणे किंवा घास चावून देणे, ही त्याची वाट असते. म्हणूनच आईने स्वतःच्या किडलेल्या दातांवर वेळीच उपचार करून घेणे, ही बाळाच्या दातांचीही काळजी ठरते.

सकाळी तोंड धुतल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, हा संस्कार बहुतेक घरांत पक्का असतो. रात्रीच्या बाबतीत मात्र तशी शिस्त नसते. वास्तविक झोपेत लाळ कमी होते आणि दातांचे नैसर्गिक संरक्षण मंदावते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पटाशीचे दात किडतात, ते याच कारणाने. दिवसातून दोनदा दात घासावेत हे खरे. परंतु एखादी वेळ चुकणारच असेल, तर ती रात्रीची नसावी.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून?

लहान मूल सांगण्यापेक्षा पाहण्यातून अधिक शिकते. वडील दाढी करू लागले की ते गालाला साबण फासते. आई केर काढू लागली की झाडू ओढते. दात घासण्याचेही तसेच आहे. आई-वडील स्वतः रात्री दात न घासता झोपत असतील, तर 'जा, ब्रश कर' ही आज्ञा मुलाला शिक्षेसारखी वाटते. तेच घरातील सर्वांनी जेवणानंतर एकत्र ब्रश हातात घेतला, तर तो दिनक्रमाचा भाग होतो.

या अनुकरणाची काळी बाजूही महाराष्ट्राला परिचित आहे. तंबाखू भाजून केलेली काळी पूड, म्हणजे मिश्री अथवा मशेरी, दातांना लावण्याची सवय ग्रामीण भागात आणि शहरांतील वस्त्यांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, दीर्घकाळ रुजलेली आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत त्या बंदीचा हात पोहोचत नाही. आजी किंवा आई रोज बोटाने मशेरी लावताना पाहणाऱ्या मुलाच्या लेखी तेच दात घासणे ठरते. राखुंडी किंवा कोळशाच्या भरड पुडीत तंबाखू नसला, तरी तिच्या घर्षणाने दातांचे कवच झिजते. लहानांसाठी तीही नको.

ब्रश कोणाच्या हातात?

तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती ब्रश देऊन 'आता त्याचे तो करतो' असे समाधान मानणे चुकीचे आहे. दाढांच्या मागच्या बाजूपर्यंत ब्रश नेण्याचे कौशल्य मुलाच्या हाताला साधारणतः सात ते आठ वर्षांपर्यंत येत नाही. बुटाची नाडी नीट बांधता येऊ लागणे, ही त्याची ढोबळ खूण मानली जाते. तोवर मुलाला हौसेने घासू द्यावे आणि नंतर पालकांनी स्वतः एकवार सर्व दात घासून द्यावेत.

दात येण्यापूर्वी ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसाव्यात. पहिला दात दिसताच छोटा, मऊ केसांचा ब्रश वापरावा. बाळाला मांडीवर आडवे घ्यावे. मोठ्या मुलाच्या मागे उभे राहून त्याचे डोके आपल्या अंगाशी टेकवावे. त्यामुळे वरच्या दाढाही दिसतात. ब्रश हिरडीच्या कडेपासून लहान वर्तुळांत फिरवावा आणि एकूण दोन मिनिटे द्यावीत. केस पसरलेला ब्रश बदलावा. एरवीही तो तीन महिन्यांहून अधिक वापरू नये.

फ्लोराइड कीड रोखते, पण प्रमाण सांभाळावे लागते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. पेस्ट पालकांनीच लावून द्यावी आणि मूल ती थुंकते आहे ना, हे पाहावे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी आणि विंधनविहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड अधिक असते. तेथील पालकांनी पेस्टविषयी दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

धाक नको, सातत्य हवे

'ब्रश केला नाहीस तर डॉक्टर इंजेक्शन देतील' अशी भीती घातल्याने मूल दात घासत नाही, फक्त दवाखान्याला घाबरू लागते. चॉकलेटचे आमिष तर मूळ हेतूवरच पाणी फिरवते. झोपेने पेंगुळलेल्या मुलाशी झटापट करण्यापेक्षा जेवण होताच, गोष्ट सांगण्याआधी, ब्रशची वेळ ठरवावी. घरातील नियमही एकच असावा. आईने दात घासून दिल्यावर आजोबांनी लाडाने बिस्किट दिले, तर सारे श्रम वाया जातात. मूल दिवसभर आजीकडे किंवा पाळणाघरात असेल, तर तेथेही ही शिस्त समजावून द्यावी.

पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाला एकदा दंतवैद्याला दाखवावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांच्या आरोग्य तपासणीत दातांचाही समावेश आहे. या तपासणीनंतर मिळालेली चिठ्ठी दप्तरात पडून राहू देऊ नये. आणि आठवड्यातून एकदा तरी मुलाचा वरचा ओठ उचलून, उजेडात त्याचे दात नीट पाहावेत. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली सूचना असू शकते. या टप्प्यावर दंतवैद्याकडे गेल्यास कीड तेथेच थांबवता येते आणि दात वाचतो.