पहिली सरळ पट्टी कोणी केली?

फोपनारला गेलो होतो ते मूर्ती सापडल्या ती जागा पाहायला. बुऱ्हाणपूरजवळच्या या गावात 1964 साली बुद्धाच्या प्राचीन कांस्यमूर्ती सापडल्या. आज त्यांतल्या काही दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. परतताना चहाला थांबलो, तर शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे गृहस्थ लेथवर ओणवे होऊन काहीतरी खरवडत बसलेले.

"काका, गंज काढताय?" मी विचारले.

"गंज नाही साहेब, उंचवटे काढतोय."

उंचवटे? मला तर बेड आरशासारखा दिसत होता. त्यांनी एका जड पट्टीला निळा रंग चोपडला, ती बेडवर टेकवून हलकेच सरकवली आणि उचलली. बेडवर इथे-तिथे निळे ठिपके उठले. रंग लागला ती जागा उंच, कोरडी राहिली ती खोल. मग स्क्रेपरने फक्त ठिपके खरवडायचे. एका वेळी निघते ते काही मायक्रॉन. पुन्हा रंग, पुन्हा पट्टी. असे दिवसच्या दिवस. ठिपके बारीक, दाट आणि सगळीकडे सारखे उठू लागले की काम झाले.

कारण साधे आहे. बहुतेक कामे चकाजवळच होतात, म्हणून तिथला बेड जास्त झिजतो. हत्यार तिथे खाली बसते आणि केळीवाल्यांच्या पंपाचा शाफ्ट एका टोकाला जाड निघतो. झिजलेल्या जागी लोखंड भरता येत नाही, तेव्हा बाकीचा सगळा बेड तिच्यापर्यंत उतरवायचा.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. बेड पट्टीवरून सरळ केला, पट्टी कशावरून? आणि जगातली पहिली पट्टी?

उत्तर इंग्लंडात सापडते. जोसेफ व्हिटवर्थ हा लंडनला मॉडस्लेच्या कारखान्यात काम केलेला कारागीर. (आपल्याकडचे जुने फिटर बोल्टाच्या आट्यांना 'व्हिटवर्थ' म्हणतात, तो हाच.) 1840 साली ग्लासगोच्या विद्वत्सभेत त्याने सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला. तोवर पाटे एमरीच्या भुकटीने एकमेकांवर घासत. भुकटी पसरेल तशी कापते, हवे तिथे नाही. म्हणून घासणे सोडा, खरवडा, असे त्याचे म्हणणे. आणि पाटे दोन नकोत, तीन घ्या. दोन पाटे एकमेकांना तंतोतंत बसले तरी एक फुगीर आणि दुसरा खोलगट असू शकतो. तिसरा दोघांनाही बसवून पाहिला की लबाडी उघडी पडते. तिघेही आलटून पालटून जुळले तरच तिघेही सपाट. म्हणजे आधीचा कोणताच सपाट नमुना हाताशी नसताना सपाटपणा जन्माला येतो, तोही हाताने! मी कलाशाखेचा पदवीधर, पण इतके सुंदर तर्कशास्त्र मला कॉलेजात कोणी शिकवले नाही.

लेथवरच्या पाटीवर हरिहरचे नाव होते. माझ्यासारख्याला किर्लोस्कर म्हणजे आधी मासिक, मग 'स्त्री' आणि 'मनोहर'. 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर लक्ष्मणरावांनी कारखाना उभारला, नांगर केले, हेही ठाऊक. पण 1941 साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली आणि लेथ बनू लागले, हे मी कधी इतिहास म्हणून वाचलेच नव्हते. नांगर शेतात दिसतो. लेथ करणारा फिटर कोणाला दिसतो? आमच्या मांडवीकाठी खाणीच्या बार्जी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यांतही लेथ होते. मला आठवतो तो फक्त त्यांचा आवाज.

असो. आता बेड कठीण करून ग्राइंडिंग मशीनवर घासून काढतात, आणि ते योग्यच. स्वस्त पडते, लवकर होते. तरीही काही उत्तम ग्राइंडिंग मशीनच्या बैठका आजही हातानेच स्क्रेप होतात.

"मुलगा शिकला का हे?"

"तो पुण्याला, सीएनसीवर. पगार चांगला आहे." तक्रारीचा सूर नव्हता.

त्यांनी एका भंगार तुकड्यावर मला स्क्रेपर धरून पाहू दिला. पहिल्याच हिसक्याला खोल ओरखडा उठला. "जोर हाताचा नाही, अंगाचा लावायचा," म्हणत त्यांनी तो काढून घेतला आणि पुन्हा पट्टी बेडवर ठेवली. चकाजवळ अजून कोरडेच होते.