हिंगणघाटचा कापूस आणि रुईचा उतारा

नवे यंत्र काम हलके करते, हे लगेच दिसते. ते माणसाची मोजमापेही बदलते, हे कळायला एखादी पिढी जावी लागते. वर्धा जिल्ह्यातल्या कापसाच्या इतिहासात हा दुसरा बदल स्पष्ट दिसतो. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातली बणी ही कापसाची जात हिंगणघाटच्या नावाने ओळखली जाई. लांब, तलम धाग्यासाठी तिला मान होता. अमेरिकेतल्या यादवीने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईत आली. पाठोपाठ सरकी वेगळी करणारे वाफेवरचे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस आले.

कोणी म्हणेल, दूरचा व्यापार काही नवा नव्हता. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर कापूस लादून मिर्झापूरला नेतच होते. खरे आहे. पण तांड्याच्या वेगाने येणारी भावाची बातमी गावात पोचेपर्यंत शिळी होई. तारेमुळे लिव्हरपूलची तेजी-मंदी हंगाम चालू असतानाच आडत्याच्या गादीवर येऊ लागली. कधी न पाहिलेल्या बंदराचा भाव आपल्या पेरणीच्या हिशेबात धरण्याची सवय शेतकऱ्याला लागली. या हिशेबात बणी मागे पडली. आखूड धाग्याच्या वाणातून रुईचा उतारा, म्हणजे सरकी काढल्यावर उरणाऱ्या रुईचे प्रमाण, जास्त मिळे, आणि भेसळीच्या बाजारात तलमपणाची किंमत पुरेशी मिळत नसे. शेतकरी चुकला, असे म्हणता येत नाही. मिळणाऱ्या भावाला धरून त्याने शहाणाच निर्णय घेतला. मात्र चांगला कापूस कोणता, हे आता बोटांनी धागा ओढून ठरत नव्हते, उताऱ्यावर ठरत होते.

याच जिल्ह्यात पुढे उलट प्रश्न विचारला गेला. १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, जे. सी. कुमारप्पा मगनवाडीतून त्याचे काम पाहू लागले आणि १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडले. या मंडळींना यंत्रद्वेष्टे ठरवणे सोपे आहे, पण पुरावा तसे सांगत नाही. सुधारित चरख्यासाठी हातसुताचा प्रसार करणाऱ्या चरखा संघाने १९२९ मध्येच एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. खेड्यातल्या बाईला तो आपल्या झोपडीत सहज चालवता यावा, अशी अट होती. म्हणजे यंत्र हवेच होते. मात्र ते किती सूत काढते याबरोबर कोणाच्या हाती राहते, हेही मोजायचे होते. ते बक्षीस कोणी जिंकले नाही आणि गिरणीचे कापड चरख्यापुढे हटले नाही. तरी या अपयशाने तो प्रश्न खोटा ठरत नाही. बणीचा अनुभव हेच सांगतो, की यंत्र आणि बाजार ज्याची नोंद घेत नाहीत ते आधी हिशेबातून जाते, मग शेतातून. म्हणून नवे तंत्र स्वीकारताना ते काय मोजते याइतकेच काय मोजायचे सोडते, हेही तपासले पाहिजे.