आजी-आजोबांसाठी इमर्जन्सी बटण कसं निवडाल?

माझी आजी पेडगावला एकटी राहते, मी पुण्यात. मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली. फोन बाहेर चार्जिंगला. शेजारच्या काकूंना हाक ऐकू जायला तासभर गेला. त्यानंतर बटण घेताना मी हे बघितलं, तुम्हीही बघा:

१. सिम की ब्लूटूथ? ब्लूटूथवालं बटण फोन जवळ असेल तरच चालतं. सिमवालं असेल, तर त्या कंपनीची रेंज न्हाणीत येते का, ते आधी तपासा.

२. पाणी आणि चार्जिंग: वॉटरप्रूफच घ्या, म्हणजे आंघोळीलाही काढावं लागत नाही. रोज चार्ज करायचं घड्याळ आजी विसरणारच!

३. फॉल डिटेक्शन: सेन्सर जोरात पडलेलं ओळखतो, हळूच घसरलेलं हुकू शकतं. म्हणून बटण हवंच.

४. पहिला कॉल कुणाला? मी पुण्याहून किती वेळात पोचणार? म्हणून पहिला नंबर काकूंचा, दुसरा माझा. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ काकू लावतात.

बजेट नसेल, तर साधा फोन गळ्यात अडकवा. २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे त्यावर ५ किंवा ९ दाबून धरला की ११२ ला कॉल जातो. ट्रायल मात्र घरच्या नंबरवरच घ्या, ११२ वर नको. आमची आजी दर रविवारी बटण दाबते आणि काकू विचारतात, "आज खरं का खोटं?"