डोंगराच्या पोटातली रेषा

डोंगर कापून पाहता येत नाही. तरीही त्याच्या पोटात काय दडले आहे ते कागदावर काढून दाखवण्याची विद्या माणसाने मिळवली आहे. भूशास्त्रीय छेद तो हाच. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. या शास्त्राचा अधिकारी नव्हे. पण मुलांना नकाशावरच्या समोच्च रेषा शिकवता शिकवता या विद्येच्या इतिहासाची मला गोडी लागली, आणि त्यातली एक हकीकत मनातून जात नाही.

छेदाची रीत तशी सोपी आहे. नकाशावर एक सरळ रेघ ओढायची. तिच्यालगत कागदाची कड ठेवून, जेथे जेथे समोच्च रेषा आडवी येते तेथे खूण करून उंची लिहायची. त्या उंच्या चौकटीच्या कागदावर मांडून बिंदू जोडले, की जमिनीच्या चढउताराची रेषा उमटते. मग उघड्या खडकांवर होकायंत्र व नतिमापक लावून थर कोणत्या दिशेला किती अंशांनी कलला आहे ते पाहायचे, आणि तो कल या रेषेखाली उतरवायचा. कल ३० अंशांचा असेल, तर थर जेथे उघडा पडला तेथून कलाच्या दिशेने सपाटीवर १०० मीटर गेल्यावर तो पायांखाली सुमारे ५८ मीटर खोल सापडावा. मात्र उभे व आडवे प्रमाण एकच हवे. आणि नकाशावरची रेघ कलाच्या दिशेला तिरकी असेल तर छेदात कल कमी दिसतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

इंग्लंडात सॉमरसेटच्या कोळशाच्या मुलखाचा असा छेद जॉन स्ट्रेची याने १७१९ साली प्रसिद्ध केला. पुढे त्याच मुलखात कालव्यासाठी मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथला थरांचा क्रम उमगला. १८१५ साली त्याचा मोठा नकाशा निघाला आणि १८१७ साली लंडनपासून स्नोडनपर्यंतचा छेद. हळूहळू बोगदे खणणारे इंजिनियरही छेदाचा आधार घेऊ लागले.

स्वित्झर्लंडमध्ये कांडरस्टेग आणि गोपेनस्टाइन या गावांमध्ये लोच्बर्गचा रेल्वेबोगदा १९०६ साली सुरू झाला. तो गास्टर्न दरीच्या खालून सरळ जायचा होता. बोगदा दरीच्या तळापासून सुमारे १८० मीटर खाली. म्हणजे वर काही अंतर दगडगोटे, आणि त्याखाली भरपूर घट्ट खडक, असा तज्ज्ञांचा होरा होता. २४ जुलै १९०८ च्या पहाटे उत्तरेकडच्या तोंडापासून सुमारे २,६७५ मीटर आत सुरुंग उडाला, आणि समोरच्या भगदाडातून पाणी, वाळू व गोटे यांचा लोंढा आत घुसला. २५ कामगार गाडले गेले. बहुतेक पोटासाठी आलेले इटालियन होते.

हिमनदीने ती दरी पूर्वी फार खोल कोरली होती आणि पुढे नदीने ती गाळाने भरून काढली होती. जमिनीची रेषा घेतली होती, ती या गाळाच्या माथ्याची. खडकांचे कल मोजले होते, ते दोन्ही बाजूंच्या कड्यांवरचे. दरीच्या तळाखाली खडक कोठे सुरू होतो, हे या दोहोंपैकी एकही मोजमाप सांगू शकत नव्हते. ते सांगण्यासाठी भोक पाडूनच पाहायला हवे होते.

बोगद्याचा तो भाग भिंत घालून बंद केला. मार्ग वळवून दरीच्या वरच्या अंगाने, घट्ट खडकातून नेला. सुमारे ८०० मीटर लांबी वाढून बोगदा १४.६ किलोमीटरचा झाला. १९१३ साली तेथून गाड्या धावू लागल्या.

छेद काढणाऱ्यांचा एक दंडक आहे: पाहिले-मोजले ते पूर्ण रेषेने दाखवावे, तर्काने ताणले ते तुटक रेषेने. मुलांना ही रीत सांगताना मी आता तुटक रेषेपाशी जरा थांबतो. ती कच्चेपणाची खूण नव्हे. पुढे तेथे पाऊल टाकणाऱ्या माणसाला दिलेली ती सूचना आहे. लोच्बर्गच्या त्या कामगारांनी छेद कधी पाहिलाही नसेल. पण त्यातल्या एका रेषेवर भरवसा ठेवूनच ते त्या रात्री आत गेले होते.