आज एक वूफर, उद्या दोन? गाडीचा ॲम्प्लिफायर घेताना आधी ओम बघा, मग वॅट

कापसाचे पैसे हातात आले, किंवा आखाजीच्या सुमाराला लग्नसराईने जोर धरला, की बोलेरो, इको, पिकअपमध्ये वूफर बसवायची गडबड सुरू होते. अहिराणी गाण्याचा ठेका बेसशिवाय अंगात येत नाही, हे खरंच. आधी एकच वूफर बसतो आणि तेवढ्यापुरता स्वस्तातला ॲम्प घेतला जातो. वर्षभरात दुसरा वूफर घ्यावासा वाटतो आणि दुकानदार सांगतो, "भाऊ, हा ॲम्प दोन वूफर ओढणार नाही." म्हणजे ॲम्प, वायर, फिटिंग, सगळा खर्च पुन्हा. पुढे वूफर वाढवायचे असतील तर ॲम्प पहिल्यांदाच त्या हिशोबाने घ्यायला हवा.

खोक्यावर मोठ्या अक्षरात '3000 वॅट' लिहिलेलं असतं. तिकडे बघूच नका. तो फार तर क्षणभराचा कमाल आकडा असतो. बघायचा तो आरएमएस वॅट, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो ती ताकद. पडताळणी सोपी आहे. ॲम्पचा फ्यूज बघा. फ्यूज 30 ॲम्पियरचा असेल तर चालू गाडीत, 13.8 व्होल्टला, तो साधारण 414 वॅट खेचणार. क्लास डी ॲम्प त्यातले 80 टक्क्यांच्या आसपास वूफरला देतो, म्हणजे 330 वॅट. मग 3000 कुठून येणार?

आता ओम. वूफरची कॉइल विजेला जो अडथळा करते तो ओममध्ये मोजतात. ओम कमी, तर ॲम्पमधून करंट जास्त, ताकद जास्त, आणि ॲम्प तापतोही जास्त. म्हणून प्रत्येक ॲम्पला खालची मर्यादा असते. कुणी 4 ओमपर्यंत चालतो, कुणी 2, कुणी 1 ओमपर्यंत. पुढचा विचार असेल तर 1 ओमला चालणारा, क्लास डीचा, एकाच चॅनेलचा ॲम्प घ्या. दुकानात त्याला मोनोब्लॉक म्हणतात.

पण नुसत्या ॲम्पवर भागत नाही, पहिला वूफरही त्याच्याशी जुळायला हवा. बरेच वूफर डबल कॉइलचे असतात. समजा दोन्ही कॉइल 4-4 ओमच्या आहेत. एकच वूफर असताना त्या समांतर जोडल्या की 2 ओम होतात. उद्या तसाच दुसरा वूफर आला आणि चारही कॉइल समांतर जोडल्या की 1 ओम. म्हणजे दुसरा वूफर आल्यावर त्याच ॲम्पमधून जास्त ताकद निघते. आता 2-2 ओमच्या कॉइलचा वूफर घेतला तर बघा. एकटा असताना तो 1 ओमला जोडता येतो आणि आवाज दणदणीत वाटतो. दुसरा आला की चारही कॉइल समांतर जोडल्यावर अर्धा ओम होतो, ॲम्प बंद पडतो किंवा जळतो. मग दुसऱ्या पद्धतीने जोडून 2 ओमवर आणावं लागतं आणि ॲम्पची ताकद उलट घटते. दोन वूफरचा बेत असेल तर आमच्या मते 4-4 ओमचाच घ्यावा. दुसराही त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा.

चार चॅनेलच्या ॲम्पवर दोन चॅनेल एकत्र करून वूफर चालवायची पद्धत आपल्याकडे खूप आहे. दरवाजाचे स्पीकर आणि एक वूफर इतक्यासाठी ती ठीक. पण अशा जोडणीत बहुतेक ॲम्प 4 ओमच्या खाली चालत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या वूफरला वाव राहत नाही.

वॅट किती घ्यावेत? दोन्ही वूफरच्या आरएमएसची बेरीज करा आणि 1 ओमला ॲम्प तेवढे देतो का बघा. 300 चे दोन असतील तर 600. ताकद दुप्पट केली तरी आवाज 3 डेसिबलच वाढतो, म्हणून उगाच मोठ्या आकड्यामागे धावू नका. सुरुवातीला एकच वूफर आहे तोवर ॲम्पचा गेन कमी ठेवा. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. तो फार वाढवला की आवाज फाटतो आणि कॉइल जळते.

वायरमध्ये काटकसर करू नका, कारण इथे गाडी पेटायचा धोका असतो. गेजचा आकडा लहान, तितकी वायर जाड. 500-600 वॅटला शुद्ध तांब्याची 4 गेज घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त, पण ती कमी करंट झेपवते. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो नसेल आणि वायर बॉडीला घासून सोलली, तर पूर्ण बॅटरीचा करंट तिथून जातो. बेसच्या ठोक्याला हेडलाईट मंद होत असेल तर दुसऱ्या वूफरआधी बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थिंग तपासून घ्या.

ॲम्प सीटखाली कोंबून वर गालिचा टाकू नका. मे महिन्यात भुसावळला पारा 45 पर्यंत जातो, उन्हात उभ्या गाडीत त्याहून वर. चारही बाजूंनी हवा खेळू द्या.

जुना वूफर घेताय तर मल्टिमीटर सोबत न्या. 4 ओमची चांगली कॉइल साधारण 3 ते 4 ओम दाखवते. काटा हललाच नाही तर कॉइल तुटलेली आहे, तो वूफर तिथेच ठेवून निघा.