पेंग देहुआई : एक पत्र, एक नाटक, एक जबानी

चिनी सेनापती पेंग देहुआई ह्याचे आत्मकथन त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, 1981 साली, प्रसिद्ध झाले. 1984 साली त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि आपल्याकडील वाचक बहुधा त्याच वाटेने ह्या पुस्तकापर्यंत पोहोचतो. वाचताना एक गोष्ट लवकरच खटकू लागते. लेखक बालपणीच्या उपासमारीविषयी किंवा एखाद्या लढाईविषयी सांगत असतो आणि मध्येच कोणत्या तरी आरोपाला उत्तर देऊ लागतो. प्रश्न पुस्तकात नाहीत, उत्तरे तेवढी आहेत. ह्याचे कारण असे, की मजकुराचा मोठा भाग सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, कोठडीत, चौकशी करणाऱ्यांच्या मागणीवरून लिहिला गेला. मुळात ती एका आरोपीची जबानी होती. ‘आत्मकथन’ हे नाव तिला पुढे संपादकांनी दिले.

पेंगच्या राजकीय आयुष्याचा विचार करताना आम्हांला हाच धागा महत्त्वाचा वाटतो. मजकूर एकाचा, पण तो कोणत्या जातीचा आणि त्याचे नाव काय हे ठरवणारा दुसराच, असे त्याच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडले.

आधी थोडी ओळख. पेंगचा जन्म 1898 साली हुनान प्रांतात, माओच्याच श्यांगतान तालुक्यात झाला. लहानपणी भीक मागितली, कोळशाच्या खाणीत काम केले, 1916 साली प्रांतिक फौजेत शिपाई म्हणून भरती झाला. जुलै 1928 मध्ये पिंगच्यांग येथे आपली पलटण घेऊन उठाव केला आणि कम्युनिस्टांच्या लाल सेनेला जाऊन मिळाला. जपानविरोधी युद्धात तो आठव्या मार्ग सेनेचा उपसेनापती होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत होते, ती हीच सेना. कोटणिसांची कहाणी आपल्याला पाठ असते, सेनापतीचे नाव मात्र ऐकलेले नसते. असो. 1950 साली कोरियातील चिनी फौजेचे नेतृत्व त्याच्याकडे आले. त्याच्या मुख्यालयावर झालेल्या अमेरिकन विमानहल्ल्यात माओचा मुलगा माओ आनयिंग ठार झाला. 1954 साली पेंग संरक्षणमंत्री व उपपंतप्रधान झाला आणि 1955 साली दहा मार्शलांच्या यादीत जू द ह्याच्या खालोखाल त्याचे नाव आले.

येथपर्यंतचा आलेख अनेक क्रांतिकारक सेनापतींचा असतो तसाच आहे. खरी गोष्ट सुरू होते ती 1958 च्या ‘मोठ्या झेपे’पासून. गावोगाव परसातल्या भट्ट्यांत लोखंड वितळवले जात होते आणि पिकांचे आकडे आभाळाला भिडले होते. त्या हिवाळ्यात पेंग हुनानमध्ये हिंडला. आत्मकथनात तो पिंगच्यांगच्या एका प्रदर्शनाविषयी सांगतो. तेथे दोन वर्षांच्या उत्पादनाचे आकडे उलटे लावले होते. 1957 चे भरघोस पीक 1958 च्या नावावर आणि 1958 चे अपुरे पीक 1957 च्या नावावर. ज्या गावात तीस वर्षांपूर्वी त्याने बंड केले, त्याच गावात हे त्याला पाहावे लागले. ह्यावर तो लांबलचक भाष्य करत नाही, आणि त्यामुळेच ते पान लक्षात राहते.

जुलै 1959 मध्ये लुशान येथे, युरोपियनांनी वसवलेल्या थंड हवेच्या ठिकाणी, पक्षश्रेष्ठींची बैठक भरली. झालेल्या चुका सावरणे हा सुरुवातीचा हेतू होता आणि वातावरण इतके सैल होते की तिला ‘देवांची सभा’ म्हटले गेले. पेंग माओला भेटायला गेला, तेव्हा माओ नुकताच झोपला होता. म्हणून त्याने पत्र लिहिले. 14 जुलै ही त्याची तारीख. पत्राची सुरुवात 1958 च्या यशाच्या गौरवाने होते. मग हळूहळू अतिशयोक्तीची सवय आणि ‘क्षुद्र-भांडवली उन्माद’ ह्यांचा उल्लेख येतो. दोन दिवसांनी माओने ते छापून सर्वांना वाटले, आणि वर शीर्षक घातले : ‘कॉम्रेड पेंग देहुआई ह्यांचे मतपत्र’. खाजगी पत्राचा जाहीरनामा झाला. लिहिणाऱ्याने एक अक्षर बदलले नव्हते, बदलला होता तो वाचक.

आणि वाचन किती बारकाईने झाले! पोलादाच्या मोहिमेविषयी पेंगने लिहिले होते की तीत ‘हानीही झाली, लाभही झाला’. पक्षाच्या भाषेत लाभ आधी आणि हानी नंतर येत असे. 23 जुलैच्या भाषणात माओने हा क्रम नेमका पकडला : लाभ मागे टाकला आहे तो विचारपूर्वक. साहित्याच्या वर्गात शब्दक्रमाचे महत्त्व शिकवताना आपण जितके सांगत नाही, तितके ह्या एका वाक्यात दडले आहे, फक्त येथे त्या वाचनाला शिक्षा करण्याचा अधिकार जोडलेला होता. सैन्य आपल्यामागे आले नाही तर आपण खेड्यांत जाऊन दुसरी लाल सेना उभारू, असेही माओने त्याच भाषणात बजावले. सभागृहाला निवड करायची होती आणि त्याने ती केली. सप्टेंबरमध्ये लिन बिआओ संरक्षणमंत्री झाला. ‘उजव्या संधिसाधूं’विरुद्ध मोहीम निघाली, त्यामुळे खरे आकडे सांगण्याचे धैर्य कोणातच उरले नाही आणि ‘झेप’ पुन्हा नेटाने रेटली गेली. पुढच्या दुष्काळात किती माणसे मेली ह्याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

येथे पेंगला हुतात्म्याच्या चौकटीत बसवण्याचा मोह होतो. आम्हांला तो टाळावासा वाटतो. 1958 साली सैन्यात ‘पोथीनिष्ठे’विरुद्ध जी मोहीम झाली, तीत सु यू, श्याओ क ह्यांसारख्या सहकाऱ्यांना असेच उभे करून झोडपले गेले आणि त्यात संरक्षणमंत्री पेंगचा पुढाकार होता. ज्या यंत्राने त्याला चिरडले ते त्याला अपरिचित नव्हते; वर्षभरापूर्वी त्याचा दांडा त्याच्याही हातात होता. लुशानला त्याने आत्मटीकाही केली आणि मागितले ते कबूल केले. कटाचा आरोप तेवढा मान्य केला नाही. ह्या कबुलीची खंत आत्मकथनात आहे. सु यूविषयी तशी खंत आम्हांला जाणवली नाही.

नाटकाची हकिकत अधिक विचित्र आहे. मिंग राजवटीतील हाय रुई हा बादशहाला खडसावणारा अधिकारी. 1959 साली त्याचा आदर्श पुढे ठेवा असे खुद्द माओनेच सुचवले होते. त्यावरून इतिहासकार आणि बीजिंगचा उपमहापौर वू हान ह्याने लिहायला घेतले. नाटकाला आधी नुसते ‘हाय रुई’ असे नाव होते. एका मित्राच्या सूचनेवरून ते ‘हाय रुईची बडतर्फी’ झाले. 1961 साली प्रयोग झाला. 10 नोव्हेंबर 1965 रोजी याओ वेनयुआनचा त्यावर हल्ला चढवणारा लेख शांघायमध्ये छापला गेला. त्यात पेंगचे नाव नव्हते. डिसेंबरमध्ये माओने सांगून टाकले की मुद्दा ‘बडतर्फी’चा आहे, आणि पेंग हाही हाय रुईच. मित्राने सुचवलेला एक शब्द नाटककाराला भोवला. 1969 साली वू हान तुरुंगात मेला. रूपक लेखकाच्या मनात होते की नव्हते, हा वाद आजही रंगतो. आम्हांला तो गौण वाटतो. रूपकाचा अर्थ लावणारा सत्ताधीश असेल, तर लेखकाचे मन कोण विचारतो?

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात माओने पेंगला बोलावून घेतले होते. सत्य कदाचित तुमच्या बाजूला असेल, अशा अर्थाचे तो बोलल्याची नोंद आहे. नोव्हेंबरअखेर पेंग कामासाठी छंगतूला गेला. डिसेंबर 1966 मध्ये लाल रक्षकांनी त्याला तेथून पकडून बीजिंगला आणले. जाहीर सभांतून मारहाण झाली, बरगड्या मोडल्या. मग कोठडी, आणि कागद. पुन्हा पुन्हा आयुष्य लिहायचे, कारण आधीची उत्तरे पुरेशी वाटत नव्हती.

29 नोव्हेंबर 1974 रोजी कर्करोगाने तो मेला. दहनाच्या कागदपत्रांत ‘वांग छुआन’ असे खोटे नाव घातले गेले आणि त्या नावाने अस्थी छंगतूला पाठवल्या गेल्या. डिसेंबर 1978 मध्ये पक्षाने त्याला निर्दोष ठरवले आणि बीजिंगमध्ये शोकसभा झाली. पुस्तक त्यानंतरचे. त्याच्या आईबापांनी ठेवलेले नाव देहुआ होते; 1922 साली हुनानच्या सैनिकी विद्यालयात शिरताना त्याने ते स्वतः बदलून देहुआई केले. मुखपृष्ठावर आहे ते हे नाव.