बोके

छायाचित्रात केंद्रित वस्तूच्या मागेपुढे दिसणाऱ्या धूसरतेचा पोत. धूसरता किती, हे नाभीय अंतर, छिद्र व वस्तूचे अंतर यांवर ठरते. ती कशी दिसते, हे मुख्यतः भिंगातील गोलीय विपथनावर. हे विपथन थोडे शिल्लक ठेवले, तर मागचा प्रकाशबिंदू कडेला विरत जाणारी चकती बनतो आणि पार्श्वभूमी मऊ दिसते. मात्र पुढची धूसरता तेवढीच रखरखीत होते आणि पूर्ण उघड्या छिद्रावर तीक्ष्णता घटते. विपथनाची दुरुस्ती अति झाली, तर चकतीची कड उजळते. मग मागच्या फांद्या, तारा दुहेरी दिसू लागतात.

निकॉनने १३५ मिमी (१९९०) आणि १०५ मिमी (१९९३) या एफ/२ ‘डीसी’ भिंगांत मागची धूसरता मऊ ठेवायची की पुढची, हा निर्णय छायाचित्रकाराच्या हाती दिला. त्यांवरील वेगळे कडे ‘आर’ बाजूस फिरवले की मागची, ‘एफ’ बाजूस फिरवले की पुढची धूसरता मऊ होते. कड्यावरचा आकडा छिद्राच्या आकड्यापलीकडे नेला, तर अख्खा चेहराच धुकट होतो. त्यात दोष भिंगाचा नव्हे, वापरणाऱ्याचा. मिनोल्टाच्या १३५ मिमी ‘एसटीएफ’ भिंगाने वेगळी वाट धरली : कडेकडे गडद होत जाणारा काचघटक. यात तीक्ष्णता टिकते, पण प्रकाश अडतो, एफ/२.८चे हे भिंग प्रत्यक्षात टी/४.५ इतकाच प्रकाश देते. त्यात स्वयंकेंद्रणही नाही. निवांत व्यक्तिचित्रणाला हा सौदा परवडतो, अंधाऱ्या मंगल कार्यालयात नाही.